ताईने वाचलेला आकडा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गाड्यांच्या टर्बोची कामं करतात. त्यातलं एक काम असं आहे की त्यासाठी लोक लांबून येतात: वेस्टगेटची स्प्रिंग निवडणं. हे काम काय असतं ते मी दोन वाक्यांत सांगते. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, त्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात. बूस्ट हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. त्या दाबाची एक नळी झडपेला जोडलेली असते. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की झडप उघडते आणि टर्बोला फिरवणारा धूर बाजूने निघून जातो. तोवर तिला बंद धरून ठेवते ती स्प्रिंग. स्प्रिंग नरम निघाली तर गाडी मिळमिळीत. नको तेवढी कडक निघाली तर इंजिनाचे तुकडे रस्त्यावरून वेचा. झाली दोनाची सात वाक्यं. गॅरेजात बसून बसून मलाही ही खोड लागली आहे.

दाजी स्वतः मात्र बोलत नाहीत. देवाने त्यांना जीभ दिली ती चहा किती गरम आहे ते बघायला. स्वतःचा फोन नंबर त्यांना पाठ नाही, पण दहा वर्षांपूर्वी कुठल्या गाडीत कुठली स्प्रिंग घातली ते विचारा. स्प्रिंग तपासण्याआधी ते केस विंचरतात. का, ते विचारून मी थकले.

तपासायची रीत त्यांची आणि ताईची मिळून होती. झडप पकडीत आवळायची, कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडायची. दाजी डोळे मिटून झडपेखाली तळहात धरायचे, कारण झडप उचलली की डोळ्याच्या आधी हाताला कळतं असं त्यांचं म्हणणं. हाताला कळलं की ते नुसतं "हं" म्हणायचे. डावीकडे मापाच्या तबकडीपाशी ताई उभी असायची. ती काटा बघून आकडा वाचायची, "एक पॉइंट एक." दाजी तोच आकडा पुन्हा म्हणायचे आणि डोळे उघडायचे. बावीस वर्षं हे असंच चाललं.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली. पंधरा दिवसांनी दाजींनी शटर उघडलं. माणूस एकटा काय करील, म्हणून मी फोन घ्यायला आणि सुटे भाग लावून ठेवायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात गॅस्केट मोजत होते. दाजींनी डोळे मिटले, हवा सोडली, "हं" म्हणाले. मग जरा थांबले, ताईला वाचायला लागायचा तेवढाच वेळ, आणि म्हणाले, "शून्य पॉइंट आठ."

मी जाऊन बघितलं. काटा शून्य पॉइंट आठवर होता.

मी स्वतःची समजूत घातली की हाताची सवय आहे, बावीस वर्षांत तळहातच तबकडी झाला असेल. पण महिनाभर बघितलं, एकदाही चुकले नाहीत. आणि मी पडले खोडसाळ. एकदा त्यांचे डोळे मिटलेले असताना मी तबकडीकडे जाणाऱ्या नळीवरचा छोटा कॉक गुपचूप बंद केला. झडपेला हवा मिळत होती, काटा तेवढा शून्यावर बसून राहिला. हाताची सवय असती तर दाजी नेहमीसारखा आकडा म्हणाले असते.

"हं," दाजी म्हणाले. थांबले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "शून्य?" आणि डोळे न उघडताच, "धाकटे, कॉक उघड गं. खेळ नकोत."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हाताला कळतो तो झडपेचा झटका. काटा शून्यावर आहे हे हाताला कळत नाही. ते कुणीतरी तबकडी बघूनच सांगावं लागतं.

त्यानंतर तबकडीपाशी ताईच्या जागेवर मी पाय दिला नाही. गंमत म्हणजे गिऱ्हाइकंही देत नसत. कुणी सांगितलेलं नसताना टेबलाला वळसा घालून जायची. मी कुणाला काही बोलले नाही. बहीण गेली ती गेली, आणि अशी का होईना, आहे, यात मला भीतीही वाटायची आणि बरंही वाटायचं.

आता भिंगरीचं. भिंगरी म्हणजे माझी भाची, ताई-दाजींची एकुलती एक. पाळण्यातसुद्धा स्वस्थ पडली नाही म्हणून हे नाव. दोन वर्षं खपून तिने एक गाडी उभी केली होती, आणि रविवारी सकाळी बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ती सरळ पळवायची होती. तिला दोन बार, म्हणजे तबकडीवरचा दोनचा आकडा, एवढा बूस्ट हवा होता. त्याच्या फार वर हे इंजिन टिकणार नव्हतं.

"बाबा, एक पॉइंट चारची घाला," ती म्हणाली. "नरम घातलीत तर वरच्या वेगाला धूरच झडप ढकलून उघडेल. बूस्ट गळून जाईल माझा."

"शून्य पॉइंट नऊ," दाजी म्हणाले. "वरचा दाब कंट्रोलरने चढव. कंट्रोलर मेला तर गाडी स्प्रिंगच्या आकड्यावर खाली येते. तो आकडा लहान असलेला बरा."

कंट्रोलर म्हणजे झडपेला उशिरा उघडायला लावून स्प्रिंगच्या आकड्यापेक्षा वर दाब चढवणारं यंत्र. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती. शेवटी दोन्ही तपासून बघायचं ठरलं. गुरुवारी दुपारी दाजींनी केस विंचरले आणि लाल स्प्रिंग, म्हणजे एक पॉइंट चारची, भिंगरीच्या झडपेत घातली. डोळे मिटले. हवा सोडली. "हं."

मग काहीच नाही. दाजी थांबले, थांबले, आणि डोळे उघडून डावीकडे बघत राहिले. पिवळी, शून्य पॉइंट नऊची, घातली. "हं." पुन्हा काही नाही. त्यांनी ती झडप काढून एका गिऱ्हाइकाची लावली, तर लगेच म्हणाले, "एक पॉइंट दोन." काटा तिथेच होता. पुन्हा भिंगरीची लावली. गॅरेजात नुसता हवेचा सूर.

दोन दिवस हेच. शनिवारी मी चहा घेऊन सरळ त्या जागेवरून चालत गेले, आणि पलीकडे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. तिथे कुणीच नव्हतं.

"भिंगरीला सांगा, उद्या पळवू नको म्हणून," मी दाजींवर ओरडले.

"सांगितलं. कारण विचारते."

"मग कारण सांगा!"

"काय सांगू तिला, धाकटे? तुझी आई बोलत नाहीये म्हणून?"

शेवटी मीच तबकडी वाचली आणि त्यांनी शून्य पॉइंट नऊची पिवळी स्प्रिंग घालून झडप गाडीत बसवली. मध्येमध्ये हात थांबवून डावीकडे कान देत होते. मला त्यांचा राग आला, आणि दयाही.

रविवारी ऊन स्वच्छ होतं. भिंगरीने हेल्मेट घातलं, आम्हाला अंगठा दाखवला आणि गाडी सुटली. मला त्यातलं फार कळत नाही, पण टर्बोची शिट्टी जिथे थांबायला हवी तिथे थांबली नाही हे मलाही कळलं. ती वर वर चढत गेली. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. "झडप उघडत नाहीये," ते म्हणाले. गाडीत बूस्टचं माप होतं, पण त्या वेगाला भिंगरीची नजर रस्त्यावरून हलणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि अर्ध्या पट्टीतच शिट्टी एकदम तुटली. भिंगरीने पाय काढला होता.

आम्ही धावत पोचलो तेव्हा ती हेल्मेटसकट तशीच बसली होती.

"मावशी, कोण वाचत होतं?"

"काय वाचत होतं?"

"आकडे. माझ्या कानाशी. एक पॉइंट दोन. एक पॉइंट पाच. एक पॉइंट आठ. दोन. दोन पॉइंट एक. मग म्हणाली, सोड." तिने माझा हात घट्ट धरला. "रागावून म्हणाली गं. लहानपणी हातातली कात्री सोडायला लावायची ना, तशी."

दाजींनी बॉनेट उघडलं. झडपेला दाब पोचवणारी नळी निसटून लोंबत होती. दाबच पोचला नाही, तर स्प्रिंग नरम काय आणि कडक काय, झडप बंदच राहणार. नळीवरची क्लिप दाजींनीच चढवली होती, आणि पेचकसाचा शेवटचा फेरा द्यायचा राहून गेला होता. स्प्रिंगपायी तीन दिवस झोप उडालेला माणूस क्लिप आवळायला विसरला.

"मी वाट बघत बसलो," ते क्लिप हातात धरून म्हणाले. "ती काय सांगते त्याची."

इंजिन वाचलं. पोरगी वाचली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच डांबरावर फतकल मारून रडले.

सोमवारी एका गिऱ्हाइकाची झडप पकडीत होती. दाजींनी डोळे मिटले, हवा सोडली, "हं" म्हणाले. थांबले. ताईला कधी लागला नसता इतका वेळ थांबले. आकडा आला नाही. मंगळवारीही नाही, त्यानंतर कधीच नाही. त्या दिवसापासून आकडा मी वाचते. मला ताईचा रागच आला होता, असं न सांगता निघून जाण्याचा.

मी दाजींना म्हटलं, "पोरीजवळ आहे ती. चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे," ते म्हणाले. झडप पुसली, खाली ठेवली, पुन्हा उचलून पुसली. दाजी एवढं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "तीन वर्षं ती इथे उभी होती, धाकटे. विचारेन त्याचं उत्तर देत होती. आणि मी तिला दाब किती, एवढंच विचारत राहिलो."