पहिल्या खुर्चीतला मेकॅनिक

ऐंशीच्या दशकात मी कोलोराडोत, स्की-लिफ्ट, म्हणजे बर्फाच्या डोंगरावर लोकांना केबलला लटकत्या खुर्च्यांतून वर नेणारी यंत्रणा, बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर होतो. कडाक्याच्या थंडीत खुर्च्यांची केबलवरची पकड सरकते, अशी एका रिसॉर्टची तक्रार आली. ती पकड मीच डिझाइन केली होती. साहेबांनी मला पाठवलं ते चूक तिथल्या मेकॅनिकच्या माथी मारायला. 'मेंटेनन्स नीट नाही, एवढंच लिहून आण.'

मेकॅनिक साठीचा, मितभाषी. रोज सकाळी लोकांना बसू देण्याआधी तो स्वतः पहिल्या खुर्चीतून वर जाऊन यायचा. त्या दिवशी त्याने मलाही शेजारी बसवलं. मी माझ्या टेस्टिंगचे गोडवे गात होतो. तो हातमोजा काढून, उघडा तळवा लोखंडी दांड्याला लावून थरथर अजमावत होता. दरीवर आलो आणि खुर्ची हिसका देऊन हातभर मागे घसरली.

"पकड चांगली आहे ना?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "मग माझा दंड सोड."

खाली येताच त्याने लिफ्ट बंद केली. मी मोटेलवर जाऊन लिहिलं, 'मेंटेनन्स नीट नाही.' त्याचा दंड धरलेल्या हातानेच खाली सही ठोकली. त्या हाताचा मला आलेला संताप अजून उतरलेला नाही.