खुडलेले शेंडे

त्या झाडाला मी तीन वर्षं शिव्या घातल्या. शिक्षिका आहे, त्यामुळे फार वाईट शिव्या येत नाहीत. पण ढोंगी, आळशी, नुसतं खायला काळ, असं जे जे वर्गात तोंडात येतं ते सगळं त्याला म्हणून झालं.

माय तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नंदुरबारला जायची. एकदा परत येताना तिने एका नर्सरीपाशी रिक्षा थांबवली आणि हे रोप मांडीवर घेऊन आमच्या गावी, रनाळ्याला आली. नर्सरीवाल्याने सांगितलेलं भारदस्त नाव वाटेतच विसरली, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली. याचं फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारी गुलाबी होतं आणि संध्याकाळी लाल. फक्त उशिरा येतं, दसऱ्यानंतर.

“एक फूल सकायपाईन संध्याकायलोंग बसीसन देखसू,” ती म्हणाली. दवाखान्याची खाट सोडली तर मायला एका जागी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणून ते वाक्य मला लागलं.

पानं हुबेहूब कपाशीची, जरा मोठी. “घरात कपाशी कमी पडली होती का?” म्हणून मी तिला चिडवलं. आमची सगळी हयात कपाशीतच गेलेली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा शेत वाट्याने देऊन टाकलं होतं. दाराशी उरलं ते हे एक झाड.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही. लहान आहे, म्हटलं. दुसऱ्या वर्षी झाड माझ्या खांद्याला लागलं, चहूबाजूंनी दाट झालं, पण दसरा गेला, दिवाळी गेली, नुसती पानं. मी शेणखत घातलं, नर्सरीवाल्याशी भांडून आले. तिसऱ्या वर्षी माय खूपच खंगली होती. मी झाड उपटायला निघाले, तर दारात आडवी उभी राहिली.

“ऱ्हाऊ दे. जिद्दी शे ते, तुन्हासारखं.”

दुसऱ्या वर्षापासून एकच गोष्ट बरी घडत होती. आबांचा हात सुधारत होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कपड्यांचे चिमटे दिले होते, दाबायला. ते आबांनी कधीच भिरकावले होते. तरी अंगठा आणि दोन बोटं हलायला लागली. घास उचलता यायला लागला. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं, त्या दिवशी माय रडली. मी सकाळी सातला शाळेत जायची. त्यानंतर माय त्यांची खुर्ची अंगणात झाडापाशी मांडायची, एवढंच मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधी माय गेली. तिला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा तिने रिक्षातून झाडाकडे पाहिलं. मीही पाहिलं आणि मनात पुन्हा शिवी घातली.

यंदा भाद्रपदात शाळेला अचानक सुटी मिळाली आणि मी नऊला घरी आले. आबा झाडापाशी बसले होते. डाव्या हाताने एक फांदी ओढायची, उजव्या हाताच्या चिमटीत कोवळा शेंडा धरायचा, आणि टक. मांडीवर शेंड्यांचा ढीग. ढिगात वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या. कपाशीचा शेंडा भाद्रपदात खुडतात, म्हणजे झाडाचा जोर बोंडांत उतरतो. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण हे झाड शेंड्यालाच फुलतं.

मी ओरडले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “हाई कपाशी नही शे, आबा! तुमना या हातमुळे मन्ही माय फूल न देखता गयी!”

बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. हे लपवत नाही.

आबा बराच वेळ तोंड हलवत राहिले. मग एकेक शब्द आला. “तुन्ही मायले... माहीत व्हतं. ती म्हने, खुडा. हात चाली ऱ्हायना.”

खुडण्याने हात चालायला लागला होता, म्हणून. आणि तिला माहीत नसेलच कसं? अंगण रोज तीच झाडत होती. खुडलेले शेंडे, कळ्या, सगळं सुपलीत भरून मी यायच्या आत उकिरड्यावर टाकत होती. आणि संध्याकाळी माझ्यासमोर म्हणत होती, यंदा बी नही फुलनं वं!

त्या दिवसानंतर आबांनी झाडाला हात लावला नाही. मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. चौथ्या दिवशी फांदी वाकवून त्यांच्यापुढे धरली, “खुडा ना आबा,” म्हणून विनवलं. त्यांनी मान हलवली. चिमटे आणून दिले, तेही नको. दसऱ्यापर्यंत बोटं पुन्हा आत वळली. बटणं मी लावते, घास मी भरवते.

कार्तिकात झाड फुललं. पहिलं फूल पांढरंशुभ्र, तळहाताएवढं. मी त्यांची खुर्ची समोर मांडून शाळेत गेले. दुपारी आले तेव्हा ते गुलाबी झालं होतं, दिवस कलला तसं गडद लाल. आबा दिवसभर हलले नव्हते. मी फूल तोडून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत ठेवलं. ते गळून खाली पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं.

“नही धरात,” आबा म्हणाले.

सकाळी अंगण झाडताना ते सुपलीत आलं. माय शेंडे टाकायची तिथेच मी ते नेऊन टाकलं.