मालक नाही म्हणाले नाहीत

फायलो वॉडम्स वाईट माणूस होता, असं कुऱ्हाडी घडवणाऱ्या त्या गावात कुणी म्हणत नाही. जोहाना स्कॅनलन तर मुळीच म्हणत नाही. तिचं म्हणणं वेगळंच आहे, पण ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते.

कनेक्टिकटमधल्या एका लोहाराकडे भाता ओढणारा हा पोरगा. नदीकाठी छपरीत कुऱ्हाडी घडवायला बसला आणि चाळिशीला येईपर्यंत अर्ध्या जगाची जंगलं त्याच्या पात्यांनी आडवी होऊ लागली. पैसा आला तसा हातही सैल झाला. शाळा बांधली, दगडी वाचनालय बांधलं, स्वतः कडवा प्रोटेस्टंट असून आयरिश कामगारांना चर्चसाठी जागा दिली. दारूचं दुकान मात्र गावात येऊ दिलं नाही. कामगार त्याला नावानिशी ठाऊक. सगळं केलं गड्यानं. कुऱ्हाडींना धार लावायच्या खोलीतली धूळ ओढून घेणारा पंखा तेवढा बसवायचा राहून गेला.

त्या खोलीत पुरुषभर उंचीची दगडी चाकं फिरत. धारवाला चाकासमोर लाकडी घोड्यावर मांड ठोकून बसायचा आणि अंगाच्या भारानं कुऱ्हाड दगडावर दाबायचा. दगड झिजे, तशी त्याची धूळ छातीत बसून माणूसही झिजे. जुन्या घराण्यांतल्या लोकांनी ते काम केव्हाच सोडलं होतं. ते आयरिशांच्या गळ्यात आलं. पस्तिशी उलटलेला धारवाला दिसला की लोक थट्टेनं विचारत, "काय रे, कामचुकारपणा करतोस वाटतं?" झिजून लहान झालेलं चाक कारखाना टाकून देई. धारवाला मेला की त्याचं असं एक चाक त्याच्या दारात पायरी म्हणून बसवायची रीत होती. ज्या दारात दोन चाकं, त्या घरात मुलगी द्यायला आया कचरत.

आणखी एक रीत होती. घरं कारखान्याची. बाप गेला की त्याच्या दगडावर मुलानं बसायचं. दगड घरात राहिला तर घर राहिलं. नाहीतर विधवेनं वसंत लागायच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या.

जोहानाचा नवरा कॉन ऐन थंडीत गेला. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येत नव्हतं. खुर्चीत बसून खोकायचा. त्यानं बायकोकडून एकच वचन घेतलं. "जेरमायाला त्या खोलीत पाठवू नकोस. घर गेलं तर जाऊ दे."

जेरमाया एकोणीस वर्षांचा, घोड्यांचं वेड असलेला. जोहानाचा भाऊ डेनिस हार्टफर्डला मालाच्या गाड्या हाकायचा. त्यानं सांगून ठेवलं होतं, "पोराला माझ्याकडे धाड. तबेल्यात झोपेल, पण जगेल." प्रश्न तीन लहान मुलींचा होता. त्यांना तबेल्यात कुठे ठेवायचं? म्हणून जोहानानं ठरवलं की वॉडम्स मालकांपुढे तोंड उघडायचं. जेरमायाला कारखान्याच्या घोड्यांवर घ्या आणि घर राहू द्या, एवढंच मागायचं. आजवर त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

कॉनच्या मयतापाशी माणसं जमली. चहा झाला, पाव झाला, बशीतली तंबाखू सगळ्यांनी चिमटीनं उचलली. दुपारी मालक स्वतः आले, टोपी हातात घेऊन. एवढा मोठा माणूस, पण कॉनच्या उशाशी उभं राहिल्यावर त्यांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. जोहाना आजही सांगते, ते खोटं नव्हतं.

शेजारच्या लॅलीबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "बोल आता. पुन्हा इतका मऊ सापडायचा नाही."

"मालक, एक मागणं होतं," जोहाना म्हणाली. "आमच्या जेरमायाचं..."

"सांगायची गरज नाही, जोहानाबाई." मालकांनी हात वर केला. "तुमच्या मनातलं मला कळतं. कॉनचा दगड परक्याकडे जाणार नाही. फोरमन एका पोलिश माणसासाठी मागे लागला होता, मी त्याला साफ सांगितलं. दगड जेरमायाचा. आणि घर तुमचं, तुम्ही आहात तोवर."

खोलीभर समाधानाचा हुंकार उठला. फादरांनी मान डोलावली. "माणूस आहे हो," एक म्हातारा म्हणाला. जेरमाया दाराशी उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं. ती आता काहीतरी बोलेल, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

जोहानाच्या ओठांवर आलंही होतं. पण भरल्या घरात, मयतासमोर, रडणाऱ्या मालकाला तुमचं दान नको असं कसं म्हणायचं? धाकटी तिचा झगा धरून उभी होती.

"देव तुमचं भलं करो, मालक," ती म्हणाली.

"बापाचं नाव राख हं," मालक जेरमायाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

"राखतो, साहेब."

सगळे गेल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, "मामाला कळव. घोड्यांना दुसरा माणूस बघ म्हणावं."

पुढचं काय सांगायचं? त्या गावाला ते तोंडपाठ होतं. आधी हिवाळ्यात चाकावरच्या पाण्यानं भिजलेले कपडे अंगावर गोठून कडक होऊन घरी येणं, मग खोकला, मग बापाची खुर्ची. मधल्या काळात मालक वारले. छातीच्या रोग्यांसाठी टेकडीवर रुग्णालय बांधायला त्यांनी मृत्युपत्रात एवढी रक्कम ठेवली होती की वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. जेरमाया तिथल्या पहिल्या रोग्यांपैकी एक. पांढरी चादर, मोठ्या खिडक्या, रोज दूध. तिशी न पाहताच गेला. जोहानाच्या दारात दुसरं चाक बसलं. मुली लग्न होऊन लांब गेल्या. विश्वस्तांनी तिला रुग्णालयात झाडलोटीचं काम दिलं, तेही दयेनंच.

मग एक दिवस मालकांचं चरित्र लिहिणारे एक तरुण गृहस्थ आले. "त्यांची एखादी आठवण सांगा ना, बाई."

जोहानानं फडकं पिळलं. "त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

गृहस्थ खूश होऊन लिहू लागले.

"त्या दिवशी मला नाही म्हटलं असतं, तर आम्ही चंबूगबाळं उचलून हार्टफर्डला गेलो असतो. तबेल्यात राहिलो असतो. माझा पोरगा जगला असता. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. नाहीतर मी."

"दमलात तुम्ही," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

तिचं पहिलं वाक्य आता रुग्णालयात मालकांच्या तसबिरीखाली पितळी पट्टीवर कोरलेलं आहे. पितळ काळं पडतं, म्हणून दर शनिवारी जोहाना ते घासते, आणि घासताना उरलेलं बोलणं मोठ्यानं म्हणते. नर्सबाई म्हणतात, म्हातारीला भ्रम झालाय. खाटांवरचे धारवाले मात्र खोकला दाबून ऐकतात.

एकदा त्यांतल्या एकानं तिला जवळ बोलावलं. "कारखान्यानं माझा दगड माझ्या पोराला देऊ केलाय गं बाई. काय सांगू?"

"नको म्हण. सगळ्यांसमोर म्हण."

"आणि घर?"

"माझं राहिलं ना घर," जोहाना म्हणाली. "दारात दोन चाकं आहेत. आत कुणी नाही."