अर्थिंगची लाल चौकट

आधीच सांगते, रस्त्यातल्या लिंबू-मिरचीवर पाय देऊन कामाला जाणारी बाई आहे मी. आमच्या माहीमच्या वाडीत कुणाला काही ‘दिसलं’, की मी पहिलं विचारायची, काल रात्री जेवलात काय? तेव्हा हे वाचून हसायचं तर खुशाल हसा.

सालवडजवळच्या एका वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर आहे. नाव देत नाही, नोकरी अजून करायची आहे. हल्ली कुठली लाइन चालू, कुठली बंद, सगळं स्क्रीनवर दिसतं. चालू-बंदही तिथूनच करायचं. एक गोष्ट मात्र अजून कागदावर आहे — परमिट. लाइनवर चढणारा माणूस ते आमच्याकडून घेतो, काम संपलं की परत आणून देतो. ते परत येईपर्यंत लाइन चालू करायची नाही.

शुक्रवार होता, इथल्या कारखान्यांची सुट्टी, म्हणून दुरुस्तीचा दिवस. एकाच लाइनवर मी दोन परमिटं दिली होती... एक झाडं छाटणाऱ्यांना, दुसरं वायरमन जानूभाऊंना. सव्वाअकराला छाटणीचा मुकादम आला. कागद टेबलावर ठेवत म्हणाला, “मॅडम, सब नीचे आ गए.”

तो त्याच्या माणसांबद्दल बोलत होता. मी मात्र ‘सब’ म्हणजे जानूभाऊसुद्धा असं धरलं. सुट्टीतही चालणाऱ्या एका कारखान्याचा फोनवर फोन येत होता, त्या गडबडीत मी रजिस्टरमध्ये दोन्ही परमिटं परत आली असं लिहून टाकलं. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याची सालटी काढली असती.

काम चालू असताना लाइन जमिनीला जोडून ठेवतात, ते अर्थिंग. यार्डात जाऊन मी ते स्वतः काढलं आणि स्क्रीनवरून कमांड दिली. घेतली नाही. त्या लाइनसमोर लाल चौकट पेटली होती — ‘अर्थिंग जोडलेले’. पुन्हा बाहेर जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा स्विच चांगला उघडा, म्हणजे अर्थिंग सुटलेलंच. परत येऊन कमांड दिली... पुन्हा तीच चौकट. मला रागच आला. खोटे अलार्म आम्हाला नवे नाहीत. अशा वेळी यार्डातल्या पॅनलवरून हाताने लाइन चालू करतात. मी तेच करायला निघाले.

पॅनल उघडलं, हँडलला हात घातला आणि मोबाइल वाजला. जानूभाऊ.

“ताई, आमी अजून पोलावरच हाय. अर्धा तास लागंल.”

मी “बरं” म्हटलं. मग हँडल सोडलं आणि पॅनल बंद केलं.

पाऊण तासाने जानूभाऊ स्वतः परमिट घेऊन आले. कमांड दिली, लाइन पहिल्या फटक्यात चालू झाली.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगचे साहेब आले. अलार्मची नोंद होती, दोन्ही वेळची. पण पॅनल उघडल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. त्या अर्थिंग स्विचपासून स्क्रीनच्या यंत्रणेपर्यंत तार कधी ओढलीच नव्हती! टर्मिनल रिकामी, स्क्रूवर धूळ तशीच. यादीत त्या जागेपुढे ‘स्पेअर’ लिहिलेलं, म्हणजे वापरात नसलेली. साहेब म्हणाले, खारी हवा आहे, ओल धरली असेल. भर मे महिन्यात? त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. ती चौकट पुन्हा कधी पेटली नाही, आणि मला आजही काही उलगडा नाही. त्या दहा मिनिटांनी एक माणूस वाचला, एवढंच कळतं. आणि ती दहा मिनिटं मी कुरकुरत घालवली.

जानूभाऊंना मी हे सांगितलेलं नाही. धीरच झाला नाही. परवा नव्या वायरमनला घेऊन ते परमिटसाठी आले होते. तो जरा बिचकत होता, तर त्याला म्हणाले, “ताई बसल्यात ना, मग बिनघोर चढ. त्या असल्या का काय भ्या नाय.”

मी मान खाली घालून परमिट लिहीत राहिले.