वाइंडरची खपली

आमचे हे मोटार वाइंडर, पंप-पंख्यांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतात. जळकी मोटार टेबलावर आली की मीटर लावायच्या आधी हे तिच्या जाळीला नाक लावणार आणि सांगणार, "कॉइल गेलीय," नाहीतर "नुसती तापलीय, घेऊन जा." गिऱ्हाईक तीन दुकानं ओलांडून यायचं ते त्या नाकासाठीच.

तेच नाक वर्षभर चोंदलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत मांस वाढलंय, तापलेल्या सुईनं आक्रसवू. हे दचकलेच. "वास गेला तर दुकानात बसून करू काय?" पण मी हट्टच धरला. यांच्या घोरण्यानं माझ्या नाकी नऊ आले होते, खोटं कशाला बोलू?

पंधरा मिनिटांत काम उरकलं. बाईंनी बजावलं, "आत खपल्या धरतील, थोडे दिवस जळका वास येईल. खाली नवी त्वचा आली की खपली आपली आपण सुटेल. मिठाच्या पाण्यानं धुवा आणि बोट घालू नका."

तिसऱ्या दिवशी सुरू झालं. "अगं, काहीतरी जळतंय." यांनी पंखा उतरवला, फ्रिज ओढला, भिंतीवरचं एकेक बटण उघडून हुंगलं. कुठे काही नाही. मी आपली हसत होते. मग एका दुपारी पाहते तर झोपलेल्या सासूबाईंवर हे वाकलेले, डोळे मिटून त्यांचे केस हुंगत होते. "आई आतून जळतेय," हळूच म्हणाले. जेवताना घास हातात धरून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तूसुद्धा."

दोन आठवड्यांनी आरशामागे स्क्रूची डबी सापडली. आत काळ्या-तांबड्या खपल्या, आणि जळक्या कॉइलची तार ओढायचा बारीक हुक.

"अहो, हे काय चालवलंय?"

"जळकं सगळं खरवडल्याशिवाय नवी वायर बसते का? तीस वर्षं तेच करतोय."

"नाक म्हणजे काय मोटार आहे? अक्कल गहाण टाकलीत की काय!"

"मूळ सापडत नाही गं," ते शांतपणे म्हणाले. "रोज थोडं आणखी वर जातोय."

हात धरून नेलं दवाखान्यात. बाईंनी दुर्बीण घालून बघितलं आणि ती बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मोटारीत वायर आपण भरतो. इथे शरीर स्वतः भरतं, त्या खपलीच्या आडोशानं. तुम्ही रोज आडोसा काढताय, आणि वासाच्या जागेपर्यंत पोचलाय. आता हात लावलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही." मी हुक पेटीत कुलपात टाकला. यांची नखं स्वतः कापली, अगदी बोटं लाल होईपर्यंत. रोज समोर बसवून नाक धुवायला लावलं. हे बापडे गपगुमान ऐकायचे, पण जळतंय म्हणायचे काही थांबले नाहीत.

हुक कुलपात गेल्यापासून बाविसाव्या दिवशी सकाळी बेसिनकडून यांची हाक आली. चहापुरतं दूध गॅसवर तसंच सोडून मी धावले. अख्खी खपली पाण्यात पडली होती, रक्ताचा थेंब नाही. यांनी श्वास घेतला, दोन्ही नाकपुड्यांतून, खोल.

"गेला! अगं, जळका वास गेला!"

मी तिथेच रडू लागले. देवा, सुटलो एकदाचे! हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मी तोंड धुतलं, बेसिन घासलं, ती खपली कागदात गुंडाळून टाकली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अगं सूनबाई, काय करपतंय?"

मी पळत गेले. दूध आटून पातेलं काळं पडलं होतं, धुरानं माझे डोळे चुरचुरले. हे गॅसच्या शेजारी स्टुलावर बसले होते, डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं छाती भरभरून श्वास घेत.

"काय मोकळं वाटतंय," ते म्हणाले.

मी गॅस बंद केला. त्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले आणि त्यांना धूर दिसला.