वांग्याच्या वाफ्यातला खड्डा

दीड वर्ष उलटलं तरी माझी लेक चालेना. रांगायची अशी की धरता धरता दमछाक व्हायची. पण उभं केलं की गुडघे दुमडून बसकण मारायची. अमडापुरातल्या बायका तिच्या पायांकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मला संताप यायचा, आणि आतून भीती वाटायची, ही कधीच चालली नाही तर?

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. गावात त्याच्या गप्पा, आमच्या घरात मात्र पोरीच्या पायांच्या. सासऱ्यांनी सुताराकडून पांगुळगाडा करून आणला. तो पुढे पळायचा आणि पोर तोंडावर आपटायची. सासूबाईंचा भरवसा खड्ड्यावर. मळ्यात वांग्याच्या वाफ्यात खड्डा खणायचा, पायांना तिळाचं तेल चोळायचं, पोरीला कमरेइतकं आत उभं करून उन्हानं तापलेली भुसभुशीत माती भरायची. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं चांगली आहेत, पायांत जोर कमी आहे. गाडा नको, खड्डाही नको. पाटावर बसवा, समोर खाऊ उंच धरा, तिचं तिला उठू द्या. मी पाटाचा हट्टच धरला.

एका दुपारी मळ्यात गेले तर पोर पुन्हा खड्ड्यात!

"आत्याबाई, काऊन उभं केलं हिले?" मी सासूबाईंना विचारलं.

"तुह्या पाटानं काय झालं वं? मातीतच पायाले बळ येते."

मी रागारागानं अर्धी माती उपसली, पोरीला वर काढून काठावर बसवलं आणि भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात खाली लोंबणारे पाय उरलेल्या मातीवर टेकवून पोर उठली. आपली आपण! पुन्हा बसली, पुन्हा उठली. तो काठ म्हणजे पाटच झाला होता की! आम्ही दोघी भांडण विसरून टाळ्या पिटायला लागलो.

मग रोज तेच. तेल, कोमट माती सासूबाईंची, बसणं-उठणं माझं.

आणि एका सकाळी वाफ्याच्या कडेनं पोर हात सोडून चालली. चालली! मी ओरडत, हात पसरून बसले. पण ती गेली सासूबाईंकडे. आनंदानं मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, हेवाही वाटला.

सासूबाईंनी तिला छातीशी धरलं नाही. खांदे धरून अलगद वळवलं.

"जाय, आता तुह्या मायकडं जाय."

आणि ती आली.