शनिवार-रविवार फुकटची वीज

डॅलसच्या उपनगरात आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. विजेची कंपनी आपली आपण निवडायची, हे टेक्ससमध्ये तेव्हा नवीनच होतं. नवऱ्याने एक प्लॅन शोधून काढला. शनिवार-रविवारी वीज फुकट, बाकीचे दिवस दर जरा जास्त. भारतात फोनही आम्ही कॉलिंग कार्डाने, मोबाइलच्या वीकएंडच्या फुकट मिनिटांतच करायचो, त्यामुळे ही कल्पना त्याला लगेच पटली.

"आपण आठवडाभर घरी असतोच कुठे?" तो म्हणाला. "सगळं वीकएंडला करून टाकू."

'आपण' म्हणजे बहुतेक मीच, हे कळायला मला महिनाभर लागला. मीही नोकरी करत होते आणि मुलगी चार वर्षांची होती. शनिवारी उठल्या उठल्या वॉशर, मग ड्रायर. आठवड्याच्या भाज्या, कुकर, इस्त्री, व्हॅक्यूम. डिशवॉशर सोमवार ते शुक्रवार बंद, म्हणून रोज भांडी हाताने. कोणी शनिवारी जेवायला बोलावलं की मला आधी ड्रायरमधले कपडे आठवायचे. रविवारी संध्याकाळी मी सोफ्यावर बसले की मुलगी म्हणायची, "मम्मा, प्ले विथ मी," आणि मी बसल्या बसल्या डोळे मिटून घ्यायचे.

मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. नागपूरच्या असल्यामुळे उन्हाचं त्यांना काही वाटत नव्हतं. "इतकं छान ऊन, आणि कपडे मशीनमध्ये वाळवता?" असं म्हणून त्यांनी बाल्कनीत दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी अपार्टमेंटच्या ऑफिसची नोटीस दारावर: बाल्कनीत कपडे चालणार नाहीत. त्यांनी निमूटपणे दोरी सोडली आणि ओले कपडे न्हाणीघरात टांगले.

नवऱ्याने त्यांना प्लॅन नीट समजावला होता. एसी वीकडेजना चौऱ्याऐंशी फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्याकडच्या एकोणतीसवर. अगदीच उकडलं तर खाली आणायचा. त्यातलं 'अगदीच' त्यांनी फार मनावर घेतलं.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी मी मुलीला डेकेअरमधून घेऊन घरी आले. दार उघडताच गरम हवा तोंडावर आली. हाका मारल्या, उत्तर नाही. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. सासूबाई फरशीवर, टांगलेल्या कपड्यांखाली आडव्या, कपाळावर ओला नॅपकिन. घरभर कार्पेट, गार लागेल अशी फरशी तेवढीच होती.

"आई! काय झालं?"

"काही नाही गं. जरा गरगरलं, म्हणून पडले." त्यांचा आवाज खोल गेला होता.

"एसी का नाही लावलात?"

"आज शनिवार नाही ना."

मी त्यांना साखर-मिठाचं पाणी दिलं, एसी पार खाली आणला. मुलगी त्यांच्याजवळ उकिडवी बसून मासिकाने वारा घालत राहिली. नवरा आला तेव्हा त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. तो आईचे पाय हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला.

"अरे, तुम्ही दोघं इतकं राबता," त्या म्हणाल्या, "मी आणखी बिल कशाला वाढवू?"

त्यावर त्याचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. मी इतकी दमले होते की स्वयंपाक काय करायचा, हाच विचार डोक्यात होता. शेवटी दहीभात केला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला फोन केला. मुदतीआधी प्लॅन सोडला तर दंड. तो भरून त्याने प्लॅन कॅन्सल केला. मग आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या, साधा प्लॅन असलेल्या एका मित्राचं उन्हाळ्याचं बिल मागून पाहिलं. त्यांचं घर अगदी आमच्यासारखंच. त्यांचं बिल आमच्यापेक्षा थोडं कमीच होतं, आणि त्यांनी एसी कधी चौऱ्याऐंशीवर ठेवला नव्हता. आमचे कपडे, भांडी फुकटात झाली असतील, पण तिथल्या उन्हाळ्यात खरी वीज खातो तो एसी, आणि आठवड्याचे पाच दिवस त्याचा दर आम्ही चढाच भरत होतो.

"हिवाळ्यात कदाचित फायदा झाला असता," नवरा म्हणाला. झालाही असता. मी वाद घातला नाही.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी मला विचारून वॉशर लावला. शनिवारी काही धुवायचं उरलं नव्हतं. नवरा म्हणाला, कुठेतरी जाऊ या, लेकवर वगैरे. मुलगी लगेच बूट घालून तयार झाली.

"तुम्ही तिघं जा," मी म्हटलं, आणि ते गेल्यावर दिवसाढवळ्या पडदे ओढून झोपले.